पावसाच्या गावातला तलाव

महाबळेश्वर हे सातारा जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. ते सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे वेण्णा तलाव आहे. या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी तेथे जाऊन आलो.

माझे काका छत्रपती संभाजीनगरला क्रांती चौकाजवळ राहतात. या चौकात शिवाजी महाराजांचा घोड्यावर बसलेला भव्य पुतळा आहे. काका-काकूंना सोबत घेऊन आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालो. पुण्याला गाडी बदलली. एकूण प्रवास साडेतीनशे किलोमीटरचा झाला. वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला. गाडी वळणे घेत वर चढू लागली तसा गार वारा लागला. नंतर पाचगणी आली व पुढे महाबळेश्वर.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचे मंदिर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्या येथे उगम पावतात, असे मानतात. कृष्णा पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावरचे पाणी दोन समुद्रांना जाते, याची मला फार गंमत वाटली.

संध्याकाळी आम्ही वेण्णा तलावात नावेत बसलो. काठावर भाजलेली कणसे खाल्ली. भाऊ घोड्यावर बसला. मला वाटले, तलाव देवानेच केला असेल. पण काका म्हणाले, "अगं, हा बांध घालून केलेला आहे. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधवून घेतला." महाबळेश्वर व पाचगणी या दोन्ही गावांना याच तलावाचे पिण्याचे पाणी मिळते.

मग मला प्रश्न पडला. एवढ्या पावसाच्या गावाला तलाव कशाला लागतो?

शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना विचारले. बाईंनी नकाशा काढून समजावले. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वाफेने भरलेले वारे येतात. सह्याद्री आडवा आला की ते वर चढतात व थंड होतात. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले की आतून थेंब जमतात ना, तसेच वाफेचे पाणी होते व पाऊस पडतो. डोंगर ओलांडला की वाऱ्यात पाणी थोडेच उरते. म्हणून महाबळेश्वरपासून २० किलोमीटरवरच्या पाचगणीला निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. आपला भाग तर खूपच लांब. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. संभाजीनगरला सुमारे सातशे. म्हणजे जवळजवळ आठपट! वर्षाचा पाऊस वाहून न जाता जागीच साठला, तर आपल्याकडे तो माझ्या कमरेपर्यंत येईल. तिकडे आपली शाळा छपरासकट बुडेल.

पण तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. डोंगराचा उतार मोठा, त्यामुळे पाणी भराभरा खाली पळते. उन्हाळ्यात प्यायला ते अडवूनच ठेवावे लागते. आठपट पाऊस पडणारे गाव पाणी अडवते, मग आपण किती अडवायला पाहिजे!

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. तो १९७२ च्या दुष्काळात बांधला. आमच्या आबांनी तिथे मातीची घमेली वाहिली आहेत. आता तो गाळाने भरलाय. त्यात पाणी फार थोडे मावते, खाली जमिनीत मुरत नाही आणि मार्चमध्येच विहिरी तळ गाठतात. मग आई व मी टँकरच्या रांगेत उभ्या राहतो.

आबा म्हणतात, "गाळ म्हंजी सोनं हाय. रानात टाकला तर पीक जोमात येतंय." हे वाचणाऱ्या सर्व पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की सर्वांनी मिळून गाळ काढू या. आम्ही मुलेही घमेली घेऊन येऊ.

सांगा पाहू :
१) सावित्री नदी कोणत्या समुद्राला मिळते?
२) वेण्णा तलावाला यंदा किती वर्षे झाली?
३) तुमच्या विहिरीला आज किती हात पाणी आहे?

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी