तणनाशक केव्हा फवारावे?

न पेरता पिकात उगवते ते तण. हराळी, लव्हाळा, केना, गाजर गवत ही आपल्याकडची तणे. 'तण खाई धन' असे म्हणतात ते खरे आहे. पिकाचे खत-पाणी तणच खाऊन टाकते. खुरपायला बाया मिळाल्या नाहीत की लोक पंप पाठीवर घेतात. पण नुसते औषध चांगले असून भागत नाही, वेळ पण बघावी लागते.

१) सकाळ : पानावर दव असताना फवारू नये. औषध पातळ होऊन ओघळते. दव वाळले की सुरुवात करावी.

२) दुपार : कडक उन्हात थेंब वाटेतच सुकून बारीक होतात व लांब उडतात. तणही मलूल झालेले असते, ते औषध नीट ओढत नाही.

३) वारा : झाडाची पाने नुसती सळसळली तर वारा हलका. धूळ उडू लागली की पंप बंद! ज्वारीत, उसात टू-फोर-डी मारतात. ते वाऱ्याने थोडे जरी शेजारच्या कपाशीवर गेले, तरी तिची पाने बोटांसारखी बारीक व वेडीवाकडी होतात. आमच्या शिवारात असे झाले, तेव्हा दोन घरांचे बोलणे दिवाळीपर्यंत बंद होते.

४) वारा मुळीच नसला तर? तेही बरे नाही. रात्री जमीन गार होते, तिच्याजवळची हवा जड होते. मग बारीक थेंब तरंगत राहतात आणि कुठेही जातात. चुलीचा धूर वर न जाता घरांवर आडवा पसरला, तर थांबावे.

५) पाऊस : पानावरचे औषध आत जायला काही तास लागतात. त्याआधी पाऊस आला तर पैसे वाहून गेले. मात्र पेंडीमेथालिन पेरणीनंतर, तण उगवायच्या आधी मातीवर मारतात. त्याला ओली मातीच लागते.

शेवटचे महत्त्वाचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना कितीतरी शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली, काही जण दगावले. तणनाशक पण विषच आहे. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. मध्येच तंबाखू, भाकरी खाऊ नये. आपण मुलांनी तर पंपाला हातच लावायचा नाही. पण डब्यावरची चिठ्ठी आपल्याला वाचता येते. ती घरी मोठ्याने वाचून दाखवावी. एवढे काम आपले.