बहिर्जी नाईकांना फासा नको!

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी कॉन्व्हेंटवाला, मला किंग आर्थर पाठ. पण जालन्यात बसून त्याचं काय करू? म्हणून होस्टेलवर १६७९ चा नोव्हेंबर घेतला. जालन्याची लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं, सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर नेलं, असं बखर सांगते. (तोच पुढे विश्रामगड.)

चूक माझीच. बहिर्जी एका मित्राला खेळायला दिले. फाशावर पडला १, आणि नाईक पहिल्याच चौकीवर ठार! रूम-पार्टनर उठूनच गेला. त्याने आजोबांकडून बहिर्जी ऐकलेले. दोन दिवस बोलला नाही.

दुसऱ्यांदा सगळ्यांना दमलेले शिलेदार केलं. अंधार, लुटीने वाकलेले घोडे, आणि एक अनोळखी फकीर म्हणतो, “माझ्यामागे या.” नाव सांगायचंच नाही. लोककथेतले बहुरूपी बहिर्जी तरी कुठे ओळखू येतात? फासा फक्त आपल्यासाठी : घोडा टिकेल का, पहारा चुकेल का. फकिरावर विश्वास ठेवायचा का, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

तासभर वाद झाला. शेवटी रूम-पार्टनरनेच लुटीचं पोतं खाली टाकलं आणि घोडा फकिरामागे वळवला.