निरोप दोनदा आला तर?

समजा, अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने लंबकाची आंदोलने पडद्यावर दाखविणारी संगणक-आज्ञावली लिहिली आणि ती गिटहबवरील आपल्या खासगी कपाटात ठेवली. (गिटहब हे २००८ साली सुरू झालेले, आज्ञावल्या ठेवण्याचे व त्यांवर अनेकांनी मिळून काम करण्याचे ठिकाण होय.) जो ५ डॉलर भरील त्याला कपाट उघडून द्यावयाचे, असा त्याचा बेत आहे. पैसे स्ट्राइप या कंपनीमार्फत येतात. भरतानाच गिऱ्हाइकाचे गिटहबवरील नाव विचारून घेतले जाते. पण गिऱ्हाईक रात्री दोन वाजता आले, तर कपाट उघडणार कोण?

संगणकाने दर मिनिटाला स्ट्राइपला विचारावे, 'पैसे आले का?' असे केले तर दिवसाकाठी १,४४० वेळा विचारणा होईल आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच येईल. पोस्टमनसाठी सारखे दार उघडून पाहण्यापेक्षा दाराला घंटा लावलेली बरी! या घंटेला 'वेबहुक' म्हणतात. पैसे जमा होताच स्ट्राइप स्वतःहून ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठविते. त्यात घटनेचा क्रमांक, प्रकार, रक्कम इत्यादी माहिती असते. (रक्कम सेंटमध्ये असते, ५ डॉलर म्हणजे ५००. येथे घसरणारे पुष्कळ!) तेथील आज्ञावली निरोप वाचून गिटहबला कळविते, 'अमक्याला आत घ्या.'

मात्र घंटा कोणीही वाजवू शकतो. एखाद्या ठकाने खोटा निरोप धाडला तर? यासाठी स्ट्राइप व विद्यार्थी या दोघांनाच ठाऊक असलेली एक गुप्त संख्या असते. निरोपाचा मजकूर, पाठविल्याची वेळ आणि ही संख्या यांवर 'एचमॅक' नावाची गणिती क्रिया करून ६४ चिन्हांची सही तयार होते. ही क्रिया बेलारे, कानेट्टी व क्रावचिक यांनी १९९६ साली मांडली. निरोप मिळाल्यावर विद्यार्थ्याचा संगणक तीच क्रिया स्वतः करतो आणि दोन्ही सह्या ताडून पाहतो. शक्य सह्यांची संख्या २ चा २५६ वा घात, म्हणजे १ वर सुमारे ७७ शून्ये इतकी आहे. अंदाजाने खरी सही करणे अशक्यच म्हणावयाचे. जुना खरा निरोप चोरून पुन्हा पाठविला तर सहीतली वेळ त्याला पकडून देते. पाच मिनिटांपेक्षा जुना निरोप नाकारण्याची सोय स्ट्राइपने तयार करूनच दिली आहे.

खरी गंमत पुढे आहे. पोच मिळाली नाही, तर स्ट्राइप वाढत्या अंतराने, तीन दिवसांपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठविते. समजा, काम झाले पण पोच वाटेत हरवली. निरोप पुन्हा येणार! आत असलेल्याला पुन्हा 'आत घ्या' म्हटले तर काही बिघडत नाही. −७ चे केवल मूल्य ७, आणि त्याचे पुन्हा केवल मूल्य घेतले तरी ७ च. पण आज्ञावली गिटहबवर 'नवे गिऱ्हाईक' अशी नोंदही करीत असेल, तर नोंदी दोन होतील. ही क्रिया १ मिळविण्यासारखी आहे, दर खेपेस उत्तर बदलते. म्हणून हाताळलेल्या घटनांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नुसती पोच द्यावी.

आता विचार करा: क्रमांक आधी लिहावा की काम आधी करावे? दोहोंच्या मध्येच वीज गेली, तर प्रत्येक बाबतीत काय होईल? वरील दोन कामांपैकी कोणत्या कामाला कोणता क्रम मानवेल?