पदवी, परवाना आणि नोकरी : अमेरिकेतील व्यावसायिक समाजकार्य

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• पदवी व परवाना यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• नोकरी निवडताना पर्यवेक्षणाला का महत्त्व द्यावे, हे सांगता येईल.

प्रास्ताविक
पदव्युत्तर पदवी मिळाली की समाजकार्याच्या व्यवसायात प्रवेश झाला, असे आपण मानतो. अमेरिकेत मात्र या दोहोंमध्ये परवान्याची पायरी आहे. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. त्यामुळे नियमही राज्यागणिक बदलतात. येथे न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण घेऊ.

विवेचन
१. परवान्याचे टप्पे : अमेरिकेतील मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य असते. पदवीनंतर परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये पहिला परवाना मिळतो. स्वतंत्रपणे मानसोपचार करण्यासाठी लागणारा क्लिनिकल परवाना याच्या पुढचा आहे. त्यासाठी किमान ३ वर्षांच्या काळात, पर्यवेक्षणाखाली, सेवार्थींसोबत प्रत्यक्ष २००० तास काम करावे लागते आणि आणखी एक परीक्षा द्यावी लागते.

२. परीक्षेची तयारी : प्रश्न बहुपर्यायी असतात, परंतु केवळ पाठांतर पुरत नाही. अनेकदा एकाहून अधिक पर्याय योग्य वाटतात आणि ‘प्रथम काय कराल?’ असे विचारलेले असते. उदाहरणार्थ, सेवार्थी आत्महत्येचे विचार बोलून दाखवतो. कुटुंबाशी बोलणे किंवा डॉक्टरांकडे पाठवणे पुढे आवश्यक ठरेलही. पण आधी धोका किती निकट आहे, हे त्याच्याशी बोलून जाणून घ्यावे लागते. म्हणून सराव करताना उत्तराइतकाच कृतींचा क्रम अभ्यासावा.

३. नोकरीचा शोध : नवपदवीधराची दृष्टी साहजिकच वेतनाकडे जाते. शैक्षणिक कर्जाचा भार असल्यास ते स्वाभाविकही आहे. तथापि मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : पर्यवेक्षक कोण? तो राज्याच्या नियमांनुसार पात्र आहे का? तासांची लेखी नोंद कोण ठेवणार? पर्यवेक्षक अपात्र निघाल्यास केलेले काम क्लिनिकल परवान्यासाठी धरले न जाण्याचा धोका असतो.

४. आपल्याकडील स्थिती : भारतात सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी अशी परवाना परीक्षा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मात्र मनोविकार समाजकार्यकर्त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे.

सारांश
संकटात सापडलेला माणूस साहाय्यकाची पात्रता तपासू शकत नाही. परवाना ती त्याच्या वतीने तपासतो. जेथे परवाना नाही, तेथे ही जबाबदारी संपत नाही, ती कार्यकर्त्याकडे येते. क्षेत्रकार्याची प्रामाणिक नोंद ठेवणे, अनुभवी व्यक्तीचे पर्यवेक्षण मागून घेणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काम योग्य व्यक्तीकडे सोपवणे, ही शिस्त आपणही पाळू शकतो.

स्वाध्याय
१. ‘परवाना हा कार्यकर्त्यापेक्षा सेवार्थीसाठी असतो.’ या विधानाची चर्चा करा.
२. आपल्या परिसरातील एका संस्थेत नोकरीसाठी जाताना पर्यवेक्षणाविषयी कोणते प्रश्न विचाराल, ते लिहा.