संशोधनाचे पहिले दोन महिने

वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी पदवीपूर्वीच लागावी, या हेतूने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती योजना सुरू केली. या योजनेत विद्यार्थ्याने अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत पूर्ण होईल असे संशोधन करावयाचे असते.

अर्जाचा खरा कस या मुदतीवर लागतो. ‘मधुमेहाची कारणे’ हा विषय दोन महिन्यांत आटोपणारा नाही. ‘बाह्यरुग्ण विभागात येणारे मधुमेही औषधे नियमित घेतात काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधता येते. प्रस्तावात उद्दिष्टे, रुग्णांची संख्या व निवड आणि माहिती संकलनाची पद्धत क्रमाने नमूद करावी.

रुग्णांशी संबंधित कामास आरंभापूर्वीच संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता आवश्यक असते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी. विद्यावेतन अहवाल मान्य झाल्यानंतरच मिळते. म्हणून नोंदी रोजच्या रोज कराव्यात.

संमती नाकारणाऱ्या रुग्णाच्या उपचारात यत्किंचितही उणीव येऊ न देणे, हा भावी संशोधकाने गिरवावयाचा पहिला धडा होय.