आईचे कपाट उघडण्यापूर्वी



घरातील वडीलधारे माणूस गेले की पहिले काही दिवस सर्व भावंडे एकत्र असतात. पुण्याहून, नागपूरहून मुले येतात, मुली सासरहून येतात. दफनविधी होतो, संध्याकाळी जपमाळ होते, महिन्याचे मिस्साबलिदान होते. मग कुणीतरी कपाटाची किल्ली विचारतो. तेथून पुढे काही घरांत काय घडते, हे आपण सर्व जाणतो. शेताची वाटणी होऊन सात-बाराला नावे लागतात, त्यावर कुणी फारसे बोलत नाही. पण पितळी गुंड, शिलाई मशीन, आईच्या पाटल्या यांवरून सख्ख्या भावंडांचे येणे-जाणे बंद होते. रविवारी ती एकाच देवळात बसतात आणि एकमेकांना शांती देताना मान दुसरीकडे वळवतात.

असे का होते आणि ते कसे टाळता येईल, याचा आज अभ्यास करू या.

भांडण खरे कशाचे?

जमिनीला मोजमाप आहे, हद्द आहे. चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्याचे राज्य मुलांत विभागले गेले. थोरली शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथून राज्य करू लागली, तर सर्वसेन या मुलाने वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, ही राजधानी केली. राज्याचेसुद्धा भाग पाडता येतात. पण ज्या परातीत आईने पन्नास वर्षे पीठ मळले, त्या परातीचे चार भाग कसे पाडणार?

त्या परातीची बाजारातली किंमत मोडीच्या भावाइतकी असते. तरीही तिच्यावरून वाद होतो, कारण तिच्या आड तीन जुने हिशेब उभे असतात. पहिला : आजारपणात आईचे कोणी केले? दुसरा : लग्नात, शिक्षणात कुणाला आधी किती मिळाले? आणि तिसरा, जो कुणी तोंडाने बोलत नाही : आईचा जीव कुणावर जास्त होता? हे हिशेब आईच्या हयातीत कुणी मांडलेले नसतात. ती गेल्यावर ते भांड्याकुंड्यांच्या तोंडून बोलू लागतात. म्हणून "एवढ्याशा गुंडासाठी भांडता?" असे म्हणून बाहेरच्याने हसू नये. दुखणे गुंडाचे नसते.

प्रभूने वाटणी का केली नाही?

लूकलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला विनवतो, की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो, सर्वांना लोभापासून सावध करतो आणि मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवानाची गोष्ट सांगतो. येथे एक गोष्ट नीट पाहावी. त्या माणसाची मागणी खोटी होती, असे प्रभू म्हणत नाही. कदाचित त्याचा वाटा खरोखरच अडकला असेल. माणूस हक्काच्या बाबतीत बरोबर असू शकतो आणि त्याच वेळी लोभाच्या कडेवर उभा असू शकतो. वाटणीच्या दिवशी "माझे बरोबर आहे ना?" एवढाच प्रश्न म्हणूनच पुरत नाही.

"फादर, तुम्हीच सांगा कुणाला काय द्यायचे," असे धर्मगुरूला म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. धर्मगुरू तुमच्यासोबत बसेल, प्रार्थना करील, साक्षीला राहील. वाटणी मात्र भावंडांनीच करायची आहे.

कायदा काय सांगतो?

पुष्कळ वाद केवळ माहिती नसल्यामुळे वाढतात. ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केलेले नसेल, तर आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडील गेले आणि आई हयात असेल, तर वडिलांच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग आईचा आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांचे, सारखे. आई आधी गेली तर तिच्या मालमत्तेत वडिलांचा तसाच वाटा. दोघेही गेल्यावर उरते ते सर्व मुलांचे, सारखे. मुलगा-मुलगी, थोरला-धाकटा, लग्न झालेली-न झालेली असा भेद कायदा करत नाही. एखादे भावंड आधीच वारले असेल, तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना जातो. मालमत्तेत भांडी आणि दागिनेही आले. मृत व्यक्ती ख्रिस्ती नसेल, तर कायदा वेगळा लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

"तिला लग्नात दिले, आता तिचा काही संबंध नाही," हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. याच कायद्याचे कलम ४९ सांगते, की आईवडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिले, ते वाटा ठरवताना मोजायचे नाही. हा नियम लग्नात दिलेल्याला लागू आहे, तसाच शिक्षणाला दिलेल्या पैशालाही.

केरळातील मेरी रॉय यांचे नाव येथे आठवावे. तेथील जुन्या त्रावणकोर भागात १९१६ चा स्थानिक ख्रिस्ती वारसा कायदा चालत असे. मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याचा पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली निकाल लागला, की तेथील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चाच कायदा लागू आहे. जो हक्क मिळवायला त्या बहिणीला न्यायालयाची पायरी चढावी लागली, तो आपल्या बहिणींना आधीपासूनच आहे. तो मागितला म्हणून बहीण लोभी ठरत नाही.

कायदा जेथे थांबतो

तरीही कायदा सर्व दुखणी पाहू शकत नाही. समजा, मुलगा आधी वारला आणि त्याच्या पत्नीने दहा वर्षे सासूची सेवा केली. कायद्याने ती सून सासूची वारस नाही. तिच्या मुलांना वाटा मिळतो, तिला स्वतःला नाही. येथे कायद्याकडे बोट दाखवून गप्प बसणे बरोबर होईल का?

ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने यासाठी एक छान उदाहरण दिले आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. नियम सर्वांसाठी एकच असतो, पण न्याय करताना समोरच्या दगडाचा आकार पाहावा लागतो. कायद्याने वाटे सारखे होतात. त्यानंतर वारसांनी आपल्या राजीखुशीने सेवा करणाऱ्या सुनेला काही द्यावे, याला कायद्याची काहीच आडकाठी नाही. सारखेपणा कायद्याने येतो, कृतज्ञता मात्र आपल्यालाच आणावी लागते.

काय करता येईल?

१. हयातीतच द्यावे. हलवता येणारी वस्तू स्वखुशीने दुसऱ्याच्या हाती सोपवली, की कायद्याने दान पूर्ण होते. म्हाताऱ्या आईवडिलांनी चार वस्तू तरी सर्वांच्या देखत, कारण सांगून द्याव्यात.

२. मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर चालते. त्यावर सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये, नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते. नोंदणी सक्तीची नाही. केली तर बरे. शेत आणि घराबरोबर पाटल्या व भांड्यांचीही यादी द्यावी.

३. महिन्याच्या मिस्साबलिदानापर्यंत घरातील काही हलवू नये. सोने, रोख आणि कागदपत्रे यांची यादी सर्वांसमोर करून सर्वांनी त्यावर सही करावी.

४. वस्तूंचे दोन भाग करावेत. सोने, फ्रिज, मशीन अशा किमतीच्या वस्तूंचे मोल ठरवून वाटे करावेत. आठवणीच्या वस्तूंसाठी मात्र प्रत्येकाने आधी सांगावे, की मला काय हवे आणि का हवे. "का" ऐकल्यावर पुष्कळदा दुसरा आपणहून मागे सरतो.

५. दोघांना एकच वस्तू हवी असेल, तर चिठ्ठी टाकावी. नीतिसूत्रांचा ग्रंथही सांगतो, की चिठ्ठीने तंटे मिटतात. वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. फाडला तर तो कुणाच्याच कामाचा राहणार नाही, एवढे त्या शिपायांनाही कळत होते.

६. घरातले जुने बायबल, क्रूस, फोटो एकाकडे राहावेत. फोटोंच्या आणि बायबलमध्ये लिहिलेल्या जन्म-बाप्तिस्म्याच्या तारखांच्या प्रती सर्वांना द्याव्यात.

ज्यांचे आधीच तुटले आहे

वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, अशी प्रभूची शिकवण आहे. येथे आपल्या मनातल्या रागापेक्षा भावाच्या मनात काय आहे, याचा विचार आधी सांगितला आहे. म्हणून पहिले पाऊल कोणी टाकायचे याची वाट पाहू नये. पहिल्या भेटीत वस्तूचा विषय काढू नये. चहा घ्यावा, मुलाबाळांची चौकशी करावी. हिशेब नंतरही होईल. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावायला वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या भावंडांनी निदान यंदा एकत्र यावे. ज्या आईची वस्तू ठेवून घेतली, तिची लेकरे दुरावली तर त्या वस्तूला आईची आठवण तरी कसे म्हणावे?

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी सर्वांना हवी आहे? तिच्याविषयी आईवडिलांच्या हयातीत बोलणे झाले आहे का?

२. आईवडिलांची सेवा करणाऱ्याला आपण कधी तोंडाने "तू केलेस" असे म्हटले आहे का?

३. एखाद्या वस्तूवरून ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याच्या घरी या आठवड्यात जाता येईल का?

आपला,
धर्मगुरू