अर्ध्यावर थांबलेला उपचार

चि. मुक्तास,


समुपदेशक बाईंनी एक मेसेज पाठवून सेशन बंद केली, आणि ‘मीच इतकी अवघड असणार’ असा निष्कर्ष तू काढलास. तो निष्कर्ष मला मान्य नाही. उपचार मध्येच थांबणं या व्यवसायाला नवं नाही. थेरपिस्ट आजारी पडतात, गाव सोडतात. आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण दुसऱ्याकडे सोपवणं तर प्रामाणिकपणाचंच. म्हणूनच थांबण्याची रीत ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे डॉक्टरांसाठी २००२ साली झालेली आचारसंहिता सांगते, की एकदा रुग्ण हाती घेतला की त्याला आणि घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय अंग काढून घ्यायचं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची संहिताही शेवटाबद्दल आधी बोलायला आणि पर्याय सुचवायला सांगते. रुग्णाकडून धोका असेल तर लगेच थांबण्याची मुभा तिथे आहे, पण तुझ्या बाबतीत तसलं काहीच नव्हतं. ‘रुग्ण सोपा असेल तर’ अशी अट मात्र दोन्हींत कुठेही नाही. म्हणजे तू खरोखरच अवघड असतीस, तरी नीट निरोप देणं हे बाईंचंच काम होतं. ते राहिलं. का राहिलं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि त्या रिकाम्या जागेत स्वतःचा दोष भरायला काही आधार नाही.

तू म्हणशील, नियम कळून रडू थांबत नाही. खरं आहे, आणि ते थांबावं असा माझा आग्रहही नाही. उपचारपद्धती कोणतीही असो, थेरपिस्टशी जुळलेल्या नात्याचा गुण येण्याशी संबंध असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्या नात्याच्या बळावर तू मोकळी झालीस तेच तुटल्यावर जिव्हारी लागणारच. राग आणि ओढ दोन्ही एकदम वाटणार. पण ‘सगळं पाण्यात गेलं’ हे मी मानणार नाही. विचार लिहून काढून पुराव्यावर तपासण्याची जी पद्धत तू शिकलीस, ती मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या उपचारातली आहे, आणि रुग्णाला ती पुढे स्वतःची स्वतः वापरता यावी हा त्या उपचाराचा एक हेतूच असतो. ती वही तुझी आहे. ‘मी अवघड आहे’ हे वाक्यही तिच्यात लिही आणि तपास.

एकटीनेच निभावून ने, असं मात्र मी म्हणत नाही. बाईंना एक छोटं पत्र पाठव: उपचारांचा सारांश आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं नाव माग. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला आपली कागदपत्रं मिळवण्याचा हक्क दिला आहे. तो समुपदेशकाला लागू होतो की नाही या वादात न पडताही सारांश मागता येतो. उत्तरासाठी अडून बसू नकोस. गोळ्या चालू असतील तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नकोस. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा कंटाळा येईल, पण सांगायचं किती आणि केव्हा हे तू ठरवायचंस. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असशील, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहून घे आणि पहिल्याच भेटीत विचार, ‘थांबायची वेळ आली तर आपण कसं थांबणार?’ मधल्या दिवसांत रात्री जड गेलं तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. नवी अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, आणि सोबत हवी असेल तर मला कळव.

तुझी,
मावशी